ट्रॉलीभर गावंडे आणि रागिणीचा गूळ

आमच्या नांदगाव खंडेश्वरात रागिणी गावंडेचं वजन हा तिच्या जन्मापासून गावाचा विषय आहे. दुसऱ्या कोणाच्या वजनाची गावानं कधी फिकीर केली नाही. पण ही पोट्टी सातव्याच महिन्यात जन्मली. अमरावतीच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तिची आजी पार्बताबाई तिला बघून परतली ती घरी न जाता थेट देवीच्या ठाण्यावर गेली आणि पदर पसरून म्हणाली, "माय, पोट्टी दोन मुठींची हाय. वाचव तिले. बारावं वरीस लागलं का आखाजीले तिच्या भारंभार गूळ वाटीन."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. आणि पार्बताबाईला हळू बोलता येत नाही, हेही सांगून ठेवतो. नवस देवीनं ऐकला, पुजाऱ्यानं ऐकला, नळावरच्या बायांनी ऐकला, आणि दिवस मावळायच्या आत तो माझ्या कानावर आला. म्हणजे तो गावभर झाला असं समजायला हरकत नाही.

देवीनं आपलं काम चोख केलं. थोडं जास्तच केलं.

आमच्याकडे गूळतुला कशी होते तेही माहीत असावं. ठाण्यापुढच्या कडुलिंबाला कापूस मोजायचा जुना काटा टांगतात. एका पारड्यात माणूस बसवतात, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या ठेवतात. एकेक भेली ठेवली की भोवतीचं अख्खं गाव मोठ्यानं मोजतं. एक. दोन. तीन. पारडं जमिनीवरून उचललं गेलं की टाळ्या. मग त्यावर महिनाभर चर्चा.

पार्बताबाई माझी शेजारीण आणि गावनात्यानं वयनी, त्यामुळे तिची थट्टा करण्याचा मला परवाना आहे. तिनं नातीला वाढवलं ते बघण्यासारखं होतं. पोट्टी रडली की लाडू, हसली की लाडू, झोपेतून उठली की 'पोट खाली झालं असन' म्हणून लाडू. रागिणी गोल झाली, पण नांदगावात ती गोल गोल फिरायचीसुद्धा. बकरीच्या मागं पळायची, चिंचेवर दगड मारायची, माझ्या ओट्यावर येऊन माझाच चष्मा लपवायची. तिच्या अंगाकडे कोणी बघत नव्हतं. बघायला ती एका जागी उभी राहिली तर ना.

मग तिचे वडील श्याम, वीज कंपनीत आहेत, त्यांची अकोल्याला बदली झाली. आई रश्मीला तिथल्याच एका पतसंस्थेत नोकरी लागली. बिऱ्हाड जठारपेठेत गेलं, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात, आणि रागिणी पाचवीला इंग्रजी शाळेत.

शाळा दुपारी सुटायची. आईबाप संध्याकाळी यायचे. मधल्या वेळासाठी सूचना ठरलेल्या होत्या. दार आतून लावायचं. कोणालाही उघडायचं नाही. गॅसला हात लावायचा नाही. गॅलरीत वाकायचं नाही. एवढं सगळं वगळल्यावर त्या घरात करण्यासारखं एकच उरत होतं, ते म्हणजे डबे उघडणं. टोस्ट, फरसाण, बिस्किटं, आणि आजीनं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवलेले डिंकाचे लाडू. पोट्टीला भूक नसायची. दुपार असायची. नांदगावातल्या दुपारीत माणसं होती, बकऱ्या होत्या, मी होतो. अकोल्याच्या दुपारीत फक्त फ्रिज घरघरायचा.

वर्षभरात तिचे युनिफॉर्म दोनदा उसवून घ्यावे लागले.

सुट्टीत ती गावी आली तेव्हा गावाला आनंद झाला. गावाचा स्वार्थ सरळ होता: पोट्टी जितकी जड, तितका गूळ जास्त. पार्बताबाई तिला ओसरीवर उभी करून डोळ्यांनी मापायची आणि शेजारणींना अभिमानानं सांगायची, "मायच्या किरपेनं यंदा गूळ भल्ला लागते." आणि गल्लीतल्या पोट्ट्यांनी तिचं नावच ठेवलं, भेली. "भेली आली रे." "ए भेली, आखाजीले किती?" रागिणी हसायची. नंतर नंतर ती ओट्यावर यायचीच बंद झाली. माझा चष्मा जागच्या जागी सापडू लागला, आणि मला ते काही आवडलं नाही.

इकडे अकोल्यात रश्मीनं मोहीम काढली. तिला दोष देऊ नका. तिला येता-जाता लोक सल्ले देत होते. जिऱ्याचं पाणी झालं, दुधीचा रस झाला, दोरीवरच्या उड्या झाल्या, खालच्या मजल्यावरचे काका आले की खुर्चीत बसून 'भात बंद करा' म्हणायचे आणि रश्मीनं केलेला मसालेभात दोनदा घ्यायचे. शेवटी तिनं वजनाचा काटा आणला आणि हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला. रोज सकाळी रागिणीनं त्यावर उभं राहायचं. पाहुण्याला पाण्याच्या आधी काटा दिसायचा. श्यामराव स्वतः कधी त्यावर चढले नाहीत. विचारलं तर त्यांच्या पायात नेहमी मोजे असायचे.

त्यात ललिता. ही श्यामची बहीण, रागिणीची आत्या, बडनेऱ्याला राहते. नवरा रेल्वेत आहे, त्यामुळे मी पानठेल्यावर जातो तशी ती अकोल्याला जाते. ललिता दारातून आत आली की 'कशी आहेस बाई' असं विचारत नाही. पर्स ठेवायच्या आधी विचारते, "किती झालं वं?"

आता अकरा वर्षांच्या पोरीनं यात काय करावं? तिनं दोन जेवणं सुरू केली. एक लोकांसमोरचं: एक फुलका, चार काकडीचे काप, आणि सगळ्यांचं कौतुक. "बघा, किती शहाणी झाली." दुसरं दुपारचं, शाळेतून येताना खाऊच्या पैशांत आणलेल्या पुड्यांचं, बंद दारामागचं, भरभर, उभ्याउभ्या, चव न घेता. मग लाज. मग लाज वाटली म्हणून रात्रीचा फुलकासुद्धा नको. मग दुसऱ्या दुपारी पोट आणि जीव दोन्ही ओरडायचे. घरात कोणाला काही कळत नव्हतं. सगळ्यांना फक्त एवढंच कळत होतं की पोट्टी काहीच खात नाही आणि काटा पुढेच जातो आहे. श्यामरावांनी काट्याचे सेल बदलून पाहिले.

रिकाम्या पुड्यांचं काय करायचं, हाही प्रश्नच होता. कचऱ्यात टाकाव्या तर आई बघणार. रागिणीनं जागा शोधली ती अशी की मला तिच्या डोक्याचं कौतुक वाटतं. गॅलरीत हिवाळाभर चादर पांघरून उभा असलेला कूलर. वऱ्हाडात दिवाळी ते होळी कूलरकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पुढच्या जाळीच्या फटीतून एकेक पुडी आत सरकवायची. होळीचा विचार तिनं केला नव्हता.

होळी झाली. अकोल्याचं ऊन आलं. ललिता आलेली, खालचे काका भात बंद करायला आलेले, आणि श्यामरावांनी कूलर आणून हॉलच्या खिडकीत लावला. आत न डोकावता बाजूच्या जाळ्यांना नवीन गवत ठोकलं, पाणी भरलं, बटण दाबलं.

कूलर आधी खोकला. मग त्यानं हॉलभर उधळण केली. चिप्सच्या पुड्या, बिस्किटांचे कागद, गोळ्यांचे चांदीचे कागद. एक पुडी काकांच्या टकलावर बसली. एक ललिताच्या चहात पडली. चॉकलेटचा सोनेरी कागद पंख्याच्या वाऱ्यावर बराच वेळ तरंगत राहिला आणि अलगद वजनाच्या काट्यावर उतरला.

"बाप्पा," ललिता म्हणाली, "कूलर हाय का किराणा दुकान?"

आणि सगळे हसले. हसण्यासारखंच होतं, हे मी ऐकीव माहितीवरून सांगतो. श्याम हसला, काका हसले, रश्मीला राग आला होता तरी तीही हसली. रागिणी हसली नाही. ती न्हाणीघरात गेली आणि कडी लावून बसली.

ती बाहेर आली ती जेवण सोडूनच. लोकांसमोरचंही आणि दारामागचंही. "भूक नाई." एवढंच बोलायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती रांगेतच खाली बसली आणि मग आडवी झाली.

शाळेनं सांगितलं, लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टरकडे न्या. ललितानं फोनवर विचारलं, "मनाच्या कावून? लठ्ठ त अंगानं हाय." पण रश्मी यावेळी कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. डॉक्टर प्रियदर्शनी वानखडे म्हणून आहेत, अकोल्यातल्याच. त्या रागिणीशी एकटीशी बोलल्या, आईबापांशी वेगळं बोलल्या, आणि पहिलं औषध लिहून दिलं ते हे की हॉलमधला काटा माळ्यावर टाका. दुसरं, घरात कोणाच्याही अंगाबद्दल कोणीही बोलायचं नाही. तिसरं, दिवसातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि जेवताना शहाणी-वेडी असली सर्टिफिकिटं वाटायची नाहीत.

हे कळल्यावर पार्बताबाई पिशवीत लाडू घेऊन अकोल्याला निघाली. मला म्हणाली, "जाऊन सांगतो त्या डॉक्टरीणले. खाणाऱ्या घरची पोट्टी हाय." तिथं काय झालं ते तिनंच मला नंतर तिच्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे ते अर्ध्या गल्लीनं ऐकलेलं आहे.

"डॉक्टरबाई, म्या हिले कधी उपाशी ठेवलं नाई."

"ठाऊक आहे आजी."

"मंग रोग कायचा?"

"ती भुकेनं खात नाही. एकटं वाटलं, कोणी नावं ठेवली, जीव घाबरला की खाते. खाल्लं की लाजते. लाजली की जेवण सोडते. जेवण सोडलं की जीव आणखी खायला मागतो. असं गोल गोल चालतं."

"घाण्याच्या बैलावानी."

"तसंच."

"मंग सोडा ना बैल."

"तेच करून राहिलो आजी. वेळ लागेल. नुसतं कमी खा म्हटल्यानं तो सुटत नाही, आणि जास्त खा म्हटल्यानंही नाही."

हा दुसरा टोला कोणाला होता ते पार्बताबाईला कळलं. तिनं लाडवाची पिशवी खुर्चीखाली सरकवली.

मग डॉक्टरांनी आजीसमोरच रागिणीला विचारलं, तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. पोट्टीनं खाली मान घालून एकच शब्द सांगितला.

"आखाजी."

"देवीले भेतेस?" पार्बताबाई म्हणाली.

"देवीले नाई. गावाले. मी पारड्यात बसीन अन् सगळे मोजतीन. मोठ्यानं."

पार्बताबाई संध्याकाळच्या गाडीनं परत आली ती गप्प. या बाईला मी इतकी वर्षं ओळखतो, गप्प बघितली नव्हती. रात्री तिच्या घरून आवाज आला नाही म्हणून शेजारीपाजारी विचारायला आले. दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"भाऊजी, नवस नाई फेडला त देवी काय करन?"

"मले कावून विचारते? मी काय देवीचा पीए हाय?"

"मस्करी नका करू. पोट्टी वाचली थे तिच्यामुळं. मी नाई म्हनू तिले?"

"मंग बसव पोट्टीले."

"तिचं तोंड पायलं नाई तुमी."

थट्टा करायला जागाच उरली नाही. एका बाजूला देवी, एका बाजूला नात, आणि दोघींना दिलेला शब्द हिच्याच तोंडचा. ती ठाण्यावर जाऊन देवीशी भांडूनही आली. देवीची बाजू कोणाला ऐकू आली नाही, हिची सगळ्यांना आली.

तोड शेवटी पोट्टीनंच काढली. डॉक्टरांशी चार-सहा वेळा बोलणं झाल्यावर एका संध्याकाळी तिनं आजीला फोन केला. पार्बताबाई फोन नेहमी स्पीकरवर ठेवते, म्हणून मला माहीत आहे.

"आजी, मी बसीन. पण एकटी नाई. सगळे बसा माह्यासंगं. बाबा, आई, आत्या, तू. एकदम. अन् मोजायचं नाई."

"येवढं मोठं पारडं कुठून आनू मी, माय?"

"थे तू पाह्य."

पार्बताबाई विचार करत बसली. समोरून कोणाची तरी तुरीची ट्रॉली चालली होती, कापसाच्या जिनिंगच्या बाजूच्या काट्याकडे. तो काटा म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी ओटा. अख्खा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट त्यावर चढतो. भरल्या ट्रॉलीचं वजन घेतात, मग रिकामीचं, आणि वजा करतात. सारं नांदगाव आपला माल असाच मोजतं.

"माणसं भरू," पार्बताबाई म्हणाली. "ट्रॉलीत."

आता यातली गंमत बघा. जी मंडळी वर्षभर एका पोरीला 'किती झालं' विचारत होती, त्यांना निरोप गेला की आखाजीला तुम्हालाही काट्यावर बसायचं आहे, आणि गूळही ज्यानं-त्यानं घरून आणायचा आहे. श्यामरावांना एकाएकी ट्रॅक्टर चालवायची हौस आली. "मी चालवतो, मी कशाला ट्रॉलीत." पार्बताबाईनं सांगितलं, ट्रॅक्टर चालवणारा वेगळा हाय, तू मालात ये. ललितानं कळवलं की तिचा गुडघा धरला आहे. मग कळवलं की यजमानांची ड्युटी आहे. शेवटी कळवलं की येते, पण आधी चार दिवस तिनं फक्त ताकावर काढले, हे तिच्या नवऱ्यानंच फोडलं. मलाही बोलावणं होतं. त्या सकाळी मी चहा अर्धाच घेतला, का ते मला विचारू नका.

ऊन तापायच्या आत सगळे जमले. ट्रॉलीत सतरंजी अंथरली होती. रागिणी आजीचा हात धरून आली, ओढणी गळ्याशी घट्ट. काट्याभोवती गाव उभं होतं. ती त्या गर्दीकडे बघत जागीच थांबली. मला वाटलं, झालं, आता ही परत फिरते.

तेवढ्यात ललिता ट्रॉलीजवळ आली आणि हळूच चपला काढून बाजूला ठेवल्या. मग कानातले काढले. मग बांगड्या. मग पर्स नवऱ्याकडे दिली, आणि पर्समधून रुमाल काढून घेतला होता तोही परत दिला. तिच्या मागे रश्मीनं घड्याळ काढलं. श्यामरावांनी खिशातल्या किल्ल्या काढल्या, आणि पोट असं आत ओढून धरलं की त्यांना बोलता येईना. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

रागिणी बघत होती. आळीपाळीनं सगळ्यांकडे. तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"आत्या," ती म्हणाली, "चपला काढून काय होते?"

"काई नाई वं. पाय तापले."

"किती झालं, आत्या?"

ललिताचा चेहरा असा झाला की तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. पोट्टीनं तिला पुरेसा वेळ तसंच ठेवलं, आणि मग म्हणाली, "सांगू नको. सांगाचं नाई, असं ठरलं हाय."

आणि ती हसली. न्हाणीघराची कडी लावल्यापासून पहिल्यांदा. मग ललिताही हसली, हसता हसता रडली, आणि पोट्टीला जवळ घेऊन काय ते कानात बोलली. ते एवढं एकच मला ऐकू आलं नाही. रागिणी सगळ्यांच्या आधी ट्रॉलीत चढली, तिच्या मागून आम्ही.

काट्यावर सुगत बसतो, शांत पोरगा आहे. त्यानं आकडे दिसतात तो डबा स्वतःकडे फिरवून घेतला. "हलू नका," म्हणाला.

"गावंडे हाय थे," मी म्हणालो, "कसे गप बसतीन?"

"तुमी गप बसा भाऊजी," पार्बताबाई म्हणाली, "तुमच्या वजनानं काटा हलत नाई, तोंडानं मात्र हलते."

सुगतनं हात वर केला. सगळे उतरले. त्याच ट्रॉलीत गूळ चढू लागला. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं सवयीनं सुरू केलं, "एक, दोन," आणि पार्बताबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तीन त्याच्या घशातच राहिला. भेल्यांवर भेल्या पडत राहिल्या, कोणी मोजल्या नाहीत. सुगतनं पुन्हा हात वर केला तेव्हा ट्रॉलीत गुळाचा ढीग होता. त्यात कोणता गूळ रागिणीचा, कोणता ललिताचा, कोणता माझा, ते देवीला माहीत. आकडा सुगतनं अजून कोणाला सांगितलेला नाही. मी त्याला दोनदा पान खाऊ घातलं, तरी नाही.

गूळ शाळेत गेला, वस्त्यांवर गेला, घरोघरी गेला. 'भेली' म्हणणाऱ्या पोट्ट्यांच्या तोंडात तो इतका होता की त्यांना काही म्हणताच येईना. पुजारी कुरकुरला की नवस असा फेडत नाहीत. पार्बताबाई म्हणाली, "देवीले कबूल केला त्याच्या कितीक पट देल्ला. तिची तक्रार असन त थे मले सांगन." अजून तरी सांगितलेली नाही.

रागिणी एकदम बरी झाली असं मी लिहिणार नाही. ती अजून प्रियदर्शनीबाईंकडे जाते. कधीमधी पुडी लपवते, पण मग जाऊन आपणच सांगते. बारीक झाली का, असं मला गावातले विचारतात. मी म्हणतो, चष्मा लपवायला लागली आहे. खुद्द पार्बताबाई आता दुपारच्या सोबतीला जठारपेठेत राहते. दोघी कॅरम खेळतात. पार्बताबाई पदराखाली सोंगट्या सरकवते, आणि रागिणी ते डोळ्यात तेल घालून पकडते. खालच्या काकांनी भांडणाच्या आवाजाची तक्रार केली आहे.

परवा मी अकोल्याला गेलो तेव्हा त्यांच्याकडे जेवायला होतो. ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी. रागिणीनं एक भाकर खाल्ली, हात ताटावर ठेवला आणि म्हणाली, "झालं माझं."

पार्बताबाईच्या हातात तव्यावरून काढलेली दुसरी भाकर होती. तिचा हात तिथंच, नातीच्या ताटाच्या वर, अधांतरी थांबला. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. भाकरीतून वाफ निघत होती. त्या बाईच्या कपाळावरची शीर मी बघत होतो, आणि शपथेवर सांगतो, काचेच्या पेटीपुढंही ती एवढी झगडली नसेल. रागिणी शांतपणे तिच्याकडे बघत होती.

"बरं," पार्बताबाई म्हणाली. "ऊठ मंग."

पोट्टी हात धुवायला गेली. अधांतरी राहिलेला हात हळूहळू वळला आणि ती भाकर माझ्या ताटात येऊन पडली. तिच्यावर तूप पडलं. वर आणखी एक भाकर पडली.

"वयनी, पोट भरलं माहं."

"चूप बसा," पार्बताबाई म्हणाली. "तुमचा नवस कोनी केला नाई."